दोनशे चौदा नंबरचा दगड

आइस्क्रीमचे रिकामे डबे मला टाकवत नाहीत. ते कपाटात, म्हणजे इथल्या आयरिश बोलीत प्रेसमध्ये, एकात एक साठत जातात आणि दार उघडलं की एखादा अंगावर पडतोच. लॉर्डसाहेबांच्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला जावं तर चार खाली येतात.

पहिली भेट दोन हजार नऊच्या भाद्रपदातली. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे आणि तोंडात पाण्याची चूळ धरून, एक अक्षर न बोलता घरी यायचं. इथे ड्रोहेडा गावात येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. नदीवर गेले, खडे वेचून ताम्हनात ठेवले, वळते तो समोर एक उंच म्हातारा. कोटाला बटणांऐवजी सुतळी. मला वाटलं, कुणाचा तरी माळी असेल.

त्याने ताम्हनात डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. हा खडा डोंगरातून आला, तो बर्फाने घासला, असं सांगत तो थेट आमच्या फाटकापर्यंत आला. मी आपली मान डोलावतेय. दारात ह्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मी चूळ टाकली आणि म्हटलं, "थँक यू."

म्हातारा म्हणाला, "बाईसाहेब, मी तीस वर्षं राजकारणात होतो. मध्ये न बोलता माझं पूर्ण भाषण ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

दुसऱ्या दिवशी चहाचं बोलावणं आलं. तेव्हा कळलं, हे खरेखुरे खानदानी लॉर्ड!

*

त्यांच्या घरात माणसं दोन, ते आणि त्यांचं सगळं बघणारी ब्रीडा. बाकी सगळे दगड. दगडात गोठलेले मासे, शंख, पानं. साठ वर्षांचा संग्रह. एक म्युझियम तो घ्यायला तयार होतं, पण अट अशी की दगडावरचा नंबर आणि वहीतली नोंद जुळली पाहिजे, एकूण एक. नाहीतर निवडक तेवढे नेणार, बाकीचे जातील कुठेतरी. आणि लॉर्डसाहेबांची नजर तर अधू होत चाललेली. "ही सगळी एका घरातली मंडळी आहेत," ते म्हणायचे. "त्यांची ताटातूट नको."

मला व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, अक्षर मात्र बरं होतं. दर मंगळवारी जाऊन पुसट झालेले नंबर मी पांढऱ्या शाईने पुन्हा लिहायला लागले.

*

एका मंगळवारी अंगारकी आली. ब्रीडाने केक पुढे केला, मी उपास सांगितला. मग खाणार काय, तिने विचारलं. म्हटलं, बटाटा चालतो.

ब्रीडाने केक झाकून ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी जन्मापासून उपासच करतेय की."

*

लॉर्डसाहेब एकदा निवडणुकीत पडले, त्याचं कारण ब्रीडाने सांगितलं. मतं मागायला दारोदार जायचे आणि मतदाराऐवजी पायरीकडे बघायचे. एका आजींना त्यांनी सांगितलं की तुमच्या उंबऱ्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पोवळं आहे, त्यावर पाय देऊ नका. आजी म्हणाल्या, "मत मी दुसऱ्याला देणार आहे, पण मागच्या दाराची पायरीही बघून जा."

ते मागच्या दाराला गेले. तिथेच संध्याकाळ झाली.

*

एकदा सकाळी ब्रीडाचा फोन आला. "युवर मॅन जिन्यावरून पडलाय. काळजी नको, आता ग्रँड आहे."

माझा माणूस! हे तर हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. देवापुढे बसून सत्यनारायण बोलले, मग ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, मी धडधाकट आहे, चहा पितोय. इथे 'युवर मॅन' म्हणजे नुसता 'तो', हे मला तेव्हा कळलं. पडले होते लॉर्डसाहेब.

पण बोललेला नवस फिरवता येतो का? पूजा घातली. लॉर्डसाहेब पाय बांधून खुर्चीत. पुण्याहून गुरुजी स्काइपवर. संकल्प म्हणजे काय, असं लॉर्डसाहेबांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं, ठराव.

तिसऱ्यांदा शिरा घेताना लॉर्डसाहेब म्हणाले, "इतका एकमताने संमत झालेला ठराव मी आयुष्यात पाहिला नाही."

*

आणि आता दोनशे चौदा.

नंबर घालता घालता एके दिवशी एक काळा, गुळगुळीत दगड हातात आला. मधोमध चक्र. मी चपला काढल्या आणि हात जोडले. म्हटलं, हा शाळिग्राम, आमचा विष्णू. लॉर्डसाहेब म्हणाले, हा अठरा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव. दोघांपैकी कुणीच वाद घातला नाही. मी नंबर घातल्यावर त्यांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला. "खणात एकटाच असतो. तुमच्याकडे राहू दे."

वहीत लिहायचं मात्र दोघंही विसरलो.

पुढच्या वर्षी म्युझियमच्या बाई आल्या. दोन दिवस सगळं जुळत गेलं आणि दोनशे चौदाला अडलं. लॉर्डसाहेबांना काही आठवेना. ते रिकामा खण चाचपत राहिले. मी घरी धावले. देवाला नमस्कार केला, तुळशीपान काढलं, रेशमी वस्त्रात गुंडाळून शाळिग्राम आणला. डोळे भरून आले होते, पण त्यांची मंडळी माझ्यामुळे दुरावायला नको होती.

बाईंनी दगड उलटसुलट करून पाहिला. नंबर नव्हता. रोजच्या अभिषेकाने माझीच शाई धुऊन गेली होती. बाई हळूच म्हणाल्या, नंबर नसेल तर हा नुसता दगड.

लॉर्डसाहेबांनी हात पुढे केला. दगड नाकाशी नेला, त्याला चंदनाचा वास होता. मग कडेवरून अंगठा फिरवला आणि एका खाचेशी थांबले. "ही माझी. आठ वर्षांचा होतो, हातोडी निसटली. उत्तरेचा किनारा, ओहोटीची वेळ. आई छत्री धरून उभी होती."

बाईंनी वहीतली नोंद वाचली. किनारा तोच. कडेला खाच, तीही लिहिलेली. त्यांनी खूण केली आणि शेवटचा रकाना विचारला. वस्तू सध्या कुठे? खणात, प्रदर्शनात, की दुरुस्तीला?

लॉर्डसाहेबांनी शाळिग्राम पुन्हा वस्त्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"लिहा," ते म्हणाले, "वापरात आहे."