फौजी पाळकांचा पट्टा आणि उरणची खाडी

पुण्याहून पनवेलला जायला ठरवण्यासारखं असतं काय? बॅग भरायची, बसमध्ये बसायचं, घाट उतरला की आलंच पनवेल. मी मात्र हे जाणं आठवडाभर ठरवत होते आणि मोडत होते. कारण या वेळी पनवेलला पोचून संपणार नव्हतं, पुढे उरणच्या खाडीत उतरायचं होतं. आणि मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी बुडता बुडता वाचले असं सांगितलं की लोक समजून घेतात, पण माझ्या बाबतीत तसं काही घडलेलंच नाही. डोक्यावरून तांब्याभर पाणी घेतानाही माझा श्वास अडकतो, एवढंच.

माझे आजोबा आधी फौजेत सुभेदार होते आणि नंतर पनवेलच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले. पाळक म्हणजे रविवारची उपासना चालवणारे, पण कुणाच्या मयतापासून कुणाच्या नळाच्या भांडणापर्यंत सगळीकडे धावणारे. बाजारातले लोक त्यांना 'फौजी पाळक' म्हणायचे. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःहून येतो, आणि पाळक त्याला खाडीत नेऊन पूर्ण पाण्याखाली घेतात. आजोबांनी कितीतरी लोकांना असं पाण्यात घेतलं. मला मात्र ते "तू म्हणशील तेव्हा" एवढंच म्हणायचे. मी काही म्हणायच्या आत गेल्या वर्षी ते गेले.

त्यांच्या वर्षस्मरणाला ये म्हणून आत्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर बाप्तिस्मा आहे, तुझं नाव देऊ का, असंही तिने विचारलं. आजोबांचा विषय निघालेला असताना माणसाने फोनवर कशालाच हो म्हणू नये. मी म्हणाले.

निघताना आईने आजोबांचा पट्टा हातात दिला, फोटोशेजारी ठेवायला. फौजेतला जाड हिरवट पट्टा, पितळी बकलाचा. बाप्तिस्म्याच्या दिवशी आजोबा पांढऱ्या झग्यावरून हा पट्टा आवळून बांधायचे. आमच्या घरात त्याची भरपूर चेष्टा झालेली आहे. आजी होती तोवर म्हणायची, देवाच्या कामाला कसली परेड? फौज सुटली पण रुबाब सुटला नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळी वाकडहून बस धरली. या वाटेने जाणाऱ्यांना एक सूचना: बस पनवेल शहरात शिरते की कळंबोलीलाच उतरवते, हे चढण्याआधी विचारून घ्या. मी विचारलं नाही, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यामुळे लोखंडाच्या ट्रकांच्या धुरळ्यात बॅग घेऊन उभी राहिले. तिथून रिक्षा मिळते, पण मीटरचा विषय काढू नका, बसण्याआधीच भाडं ठरवा. रिक्षावाल्याने कुणाकडे म्हणून विचारलं. आजोबांचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, त्याच्या वडिलांच्या आजारपणात हे गृहस्थ रोज दवाखान्यात येऊन बसायचे आणि जाताना डबा धुऊन ठेवायचे. भाडं त्याने ठरलेलंच घेतलं, पण बॅग तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली.

संध्याकाळची उपासना आजोबांच्या नियमाप्रमाणे मिनिटावर सुरू झाली. समोर त्यांचा मोठा केलेला फोटो होता, खाडीत उभे असलेले, झगा, पट्टा आणि वर उचललेला हात. मी पट्टा त्याच्याजवळ ठेवला. मग लोक एकेक करून उठले आणि बोलले. मयताच्या घरी आजोबा आधी चूल पेटवायचे आणि मग प्रार्थना करायचे, असं कुणी सांगितलं. दंगा करणाऱ्या दारुड्यापुढे कसे नुसते जाऊन उभे राहायचे, तेही निघालं. आणि बहुतेकांचं शेवटचं वाक्य एकच होतं, पाळकसाहेबांना भीती माहीतच नव्हती. अशा माणसाच्या नातीने उद्या सगळ्यांसमोर पाण्यातून ओरडत बाहेर पळायचं, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. रात्री आत्याने गरम वरणभात वाढला, तो मी नुसता चिवडला.

रविवारी भाड्याच्या जीपने उरणकडे निघालो. उरणला जाणार असाल तर लवकर निघा, नाहीतर कंटेनरच्या रांगेत अडकून पडाल. मी मनातल्या मनात अडकायचीच वाट बघत होते, पण त्या दिवशी रस्ता मेला मोकळा होता. खाडीकाठी हिराजीआजोबांच्या घरी थांबलो. हे कोळी, आजोबांच्याच पलटणीतले आणि त्यांचे जिवलग दोस्त; पुण्यात आम्ही त्यांचं नुसतं नाव ऐकून होतो. त्यांच्या सुनेने तांदळाच्या भाकरी आणि सुकट पुढे केलं. उरणला जाऊन हे न खाता येऊ नका, असं मी लिहिलं असतं. मी न खाताच बसले होते.

भरती यायला अवकाश होता. मंडळी काठावर गेली आणि मी ओट्यावर हिराजीआजोबांजवळ बसून राहिले. आत्याने पट्टा माझ्या पिशवीत परत टाकला होता, तो त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन वरून खाली चाचपला.

"यो कशाला बांधायचा तो, ठाव हाय?"

"रुबाब," मी म्हणाले.

"रुबाब कसला? धराया."

मग त्यांनी सांगितलं ते असं. फौजेत असताना उत्तरेकडच्या एका नदीवर सरावात त्यांची होडी उलटली. आजोबांना पोहता येत नव्हतं. हिराजीआजोबांच्या हाताला त्यांचा पट्टा लागला, म्हणून ते वर आले. त्यानंतर आजोबा घोट्याएवढ्या पाण्यातही पाय घालेनात. पुढे पाळक झाले आणि पहिल्या बाप्तिस्म्याच्या आधी याच ओट्यावर येऊन बसले. लोकांना पाण्यात न्यायचंय आणि माझे पाय कापतात, म्हणाले. तेव्हापासून दर वेळी हिराजीआजोबा त्यांच्या मागे पाण्यात उभे राहायचे, पट्टा मुठीत धरून.

मला एकदम ते सगळे फोटो आठवले. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक फोटोत आजोबांच्या मागे एक काळासावळा, उघडाबंब माणूस दिसतो. आम्हाला वाटायचं, गावातलं कुणीतरी गंमत बघायला उतरलंय. काल उपासनेत ठेवलेला फोटो मोठा करताना तर आम्ही तो माणूस मुद्दाम कापून टाकला होता. मी हे हिराजीआजोबांना सांगितलं आणि मला रडू फुटलं. ते मात्र हसले.

"मग ते खरंच भ्यायचे?" मी विचारलं.

"दर टायमाला. पट्ट्यातनं कलायचा ना मना, असा थरथरायचा. पन उतरायचा."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय? ज्याला पान्यात घ्यायचा त्याला कललं का पालकसायबच भितंय, तं तो उतरंल काय?" पट्टा माझ्यापुढे धरून ते उठले. "बांध. आमी हाव मांगं."

त्यांचे गुडघे गेलेत. सून म्हणाली, बाबा, आता नाय जायचं तुमी. ते म्हणाले, पाण्यातच तेवढे दुखत नाहीत, आणि निघाले.

खाडीचं पाणी गढूळ असतं. तळाचा चिखल पायाची बोटं गिळतो, आणि तिवरांचा तो कुबट वास तोंडातसुद्धा येतो. कमरेला पट्टा आवळून मी उतरले, गुडघ्यापर्यंत ठीक होते. कमरेला पाणी लागलं आणि छाती आवळून आली, कान गरम झाले, आत्या काठावरून काय सांगतेय ते कळेना. आपण मरणार, असंच वाटत होतं. नवे पाळक सुहास माझ्यासमोर उभे होते. त्यांनी माझा दंड धरला, त्यांचा हात बर्फासारखा गार होता. मागे पट्ट्याला एक हिसका बसला आणि मूठ घट्ट झाली. मग मी पाण्याखाली गेले.

खाली काही दिव्य वगैरे दिसलं नाही. नाकात पाणी गेलं, सगळं मातकट अंधारं झालं आणि कमरेपाशी ती मूठ तेवढी कळत होती. वर आले ती खोकत, शेंबडी, हिराजीआजोबांच्या गळ्यात पडून. काठावर आत्याने गीत भलत्याच वरच्या पट्टीत सुरू केलं आणि बाकीच्यांना ते झेपेना. मला आजोबांची इतकी आठवण आली की मी तिथेच, पाण्यातच, मोठ्याने रडले. भाकरी आणि सुकट मग मी दोनदा मागून खाल्लं.

पुण्यात परतून आता काही दिवस झालेत. भीती गेली का, असं मैत्रिणी विचारतात. नाही गेली, आंघोळीला अजूनही मी तोंडावर पाणी न मारता ओल्या फडक्याने चेहरा पुसते. पण आजोबांचा विचार करताना आता मला तो दारुड्यापुढे उभा राहिलेला सुभेदार आधी आठवत नाही. ओट्यावर बसून पाय कापतात म्हणणारा माणूस आठवतो आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. फोटो परत मोठा करायला टाकलाय, या वेळी अख्खा. पट्टा गॅलरीत वाळत घातलाय, त्यावर मिठाचे पांढरे डाग राहिलेत.

काल पाळक सुहासांचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग पुढच्या महिन्यात अजून काही जणांचा बाप्तिस्मा आहे म्हणाले, आणि तो पट्टा घेऊन याल का, असं विचारलं. फोटोशेजारी ठेवायला हवाय का, मी विचारलं.

"नाही ताई," ते म्हणाले. "मी मराठवाड्यातला. आमच्या नदीला पाणीच नसायचं, पोहणार कुठे?"

तो बर्फासारखा हात मला आठवला.

"हिराजीकाकांना आता डॉक्टरांनी नको म्हटलंय," ते पुढे म्हणाले. "मागे कुणीतरी लागेल. मंडळीत हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही."

"अहो, कमरेला पाणी लागलं की माझा श्वास कोंडतो."

"माझाही," ते म्हणाले.

मी त्यांना भरतीची वेळ विचारली आणि गॅलरीतून पट्टा आत आणला.