वीतभर वर

आमच्या गल्लीत तिला सगळे ‘हलूनका’ म्हणतात. तोंडावर नाही हं, तोंडावर ‘ताई’. पण पत्ता विचारा कोणालाही, तो हसून सांगेल, “हलूनकाचा स्टुडिओ ना? कॅमेऱ्याच्या दुकानाशेजारचा जिना चढा.” ते कॅमेऱ्याचं दुकान माझं. म्हणजे दुकान माझं आणि पत्ता तिचा, अशी गत.

वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत राखाडी पडदा, दोन स्टुलं आणि तो कॅमेरा. मागच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि मोरीत फोटो धुण्याच्या बाटल्या. आंघोळ करायची तर आधी बाटल्या बाहेर काढायच्या, फोटो धुवायचे तर बादली बाहेर काढायची. स्टुडिओ वडिलांचा. ते गेले, मग हिने चालवला. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, आणि माझ्या बायकोने विचारलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, “राहून गेलं.” जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं!

अजून फिल्मवर फोटो काढते. मी किती वेळा कानीकपाळी ओरडलो, अहो ताई, जग कुठे गेलं! पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकं येतात. तिच्या फोटोत माणूस माणसासारखा दिसतो, असं म्हणतात. मला धंदा म्हणून हे मान्य करायला जड जातं, पण खरं आहे.

आता तिच्या स्टँडचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथे आहे. स्टँड आणि कॅमेरा यांच्यामध्ये वाटीत बसवलेला एक गोळा असतो. बॉल हेड. चावी सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, चावी आवळली की जागच्या जागी घट्ट. घट्ट राहायला पाहिजे, निदान. तिचा गोळा वडिलांच्या वेळचा, झिजून गुळगुळीत झालेला. कितीही आवळा, तो धोंड्यासारखा जड कॅमेरा हळूहळू मान खाली टाकायचा. समोर बसलेल्या माणसावर मोजलं तर चांगला वीतभर खाली.

दुसरा कोणी असता तर गोळा बदलला असता. हिने स्वतःला बदललं. कॅमेरा वीतभर वर रोखायचा, चावी आवळायची आणि मग कॅमेऱ्यातून परत बघायचंच नाही. बाजूला येऊन उभं राहायचं, कॅमेऱ्याखाली डावा तळहात धरायचा आणि समोरच्या माणसांकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं. “हलू नका.” तोवर कॅमेरा सावकाश उतरून तळहातावर टेकायचा, बरोब्बर जागेवर. खट्. संपलं. दुसरा फोटो नाही. “पहिल्या फोटोत माणूस असतो, दुसऱ्यात त्याचं नाटक,” हे तिच्या वडिलांचं वाक्य, आणि वडिलांचं वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर अशी ही बाई एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, “अहो दुकानदार, न पडणारा गोळा दाखवा.”

मी हातातला चहा खाली ठेवला. “काय झालं? बरं आहे ना सगळं?”

“धाकटा येतोय,” ती म्हणाली.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई लवकर गेली, त्याला हिनेच वाढवला. शाळेत सोडायला ही, तापात उशाशी ही, परदेशी शिकायला जाताना बॅग भरणारी ही. तो गेला आणि तिकडचाच झाला. लग्न तिकडे, मुलं तिकडे. आता कामासाठी कुठे तरी जाताना वाटेत उतरणार होता, एका दुपारपुरता. त्याचे लहानपणापासूनचे सगळे फोटो हिच्याकडे आहेत. पहिला दात, पहिला दप्तराचा दिवस, निरोपाचा दिवस. पण दोघांचा एकही नाही. कसा असेल? धाकट्याचा फोटो म्हटलं की पहिल्यापासून कॅमेऱ्यामागे हीच.

“एक फोटो पाहिजे,” ती म्हणाली. “दोघांचा. टायमर लावून मी जाऊन बसणार त्याच्याशेजारी. टायमर घुर्र करत बसतो, तेवढ्या वेळात आमचा गोळा पार जमिनीकडे बघायला लागेल. खाली हात धरायला कोण आहे?”

“मी आहे की! येतो वर. हात धरतो, बटण दाबतो.”

“तुम्ही बडबड कराल.”

हे खरं होतं, त्यामुळे मला राग आला. मग तीच म्हणाली, “तसं नाही हो. परका माणूस समोर असला की तो मोठ्या माणसासारखा बसेल. मला तो तसा नकोय.”

मी गोळे काढले.

आमच्याकडे माणूस गोळा घ्यायला आला की खोक्यावरचा आकडा वाचतो, किती वजन पेलतो तो, आणि पैसे देऊन जातो. ही खोका बघेना. वरून कॅमेरा घेऊन आली, तिचं ते लांब भिंग लावून. समोरच्या भिंतीवर माझं कॅलेंडर टांगलंय, त्याच्या खिळ्यावर कॅमेरा रोखला, चावी आवळली आणि कॅमेऱ्याला डोळा लावून बसली. पहिला गोळा दिसायला झकास, चकचकीत. मी त्याचं कौतुक करतोय, करतोय, तेवढ्यात ती म्हणाली, “खिळा गेला.” दुसरा पडत नव्हता, पण चावी शेवटची आवळताना बाजूला उडी मारायचा. “हा लाजतो,” म्हणाली आणि बाजूला ठेवला. तिसरा काढताना मीच कुरकुरलो, कारण तो जड आणि महाग, आणि खरं सांगायचं तर तो मी हौसेने मागवला होता, विकला जाईल असं वाटलंच नव्हतं. लिंबाएवढा गोळा. दोन चाव्या, मोठी घट्ट करायला, छोटी गोळा किती जड फिरावा ते ठरवायला. तिने डोळे मिटून दोन्ही चाव्या चाचपल्या, खिळा धरला, आवळलं आणि उठून चक्क भाजी आणायला गेली!

“अहो, गिऱ्हाइकं येतील!” मी ओरडलो.

“येऊ देत. धक्का लागला तर बरंच.”

गिऱ्हाइकं आली. एकाची पिशवी लागली, एक जाडजूड गृहस्थ स्टँडला टेकून माझ्याशी हुज्जत घालत बसला. मी कपाळावर हात मारून घेतला. दुपारी उशिरा ती भाजीची पिशवी घेऊन परत आली, वाकली, कॅमेऱ्यातून पाहिलं.

“हलला नाही,” ती म्हणाली. इतक्या हळू आणि मायेने, की मला वाटलं ती गोळ्याला जवळ घेते की काय. त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, ही बाई वर किती एकटी राहत असेल.

धाकट्याच्या दिवशी तिने पडदा धुऊन इस्त्री केला होता. ‘आज बंद’ अशी पाटी लावली. दुपारी गाडी थांबली, कोट घातलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस उतरला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “एक्स्क्यूज मी, इथे फोटो स्टुडिओ होता ना? जिना कुठून आहे?”

मी बघतच राहिलो. अरे, याच जिन्यावरून घसरून तू पुढचे दोन दात पाडलेस, मी स्वतः उचलून नेला तुला डॉक्टरकडे, आणि जिना मला विचारतोस? पण पाहुण्याशी भांडू नये. बोट दाखवलं.

तासाभराने दोघं खाली आली. त्याच्या हातात मोबाइल. गाडीपाशी थांबून म्हणाला, “ताई, चल, मोबाइलवर पण एक काढू या पटकन.”

“कशाला?” ती म्हणाली. “काढलाय ना चांगला. तो पाठवते तुला.”

तो हसला, मोबाइल खिशात टाकला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. गाडी वळेपर्यंत ती उभी होती. वळल्यावरही होती. मी हाक मारली चहाला, तर म्हणाली, “नको, फिल्म धुवायचीय.” आणि जिना चढली, अगदी लगबगीने.

दुसऱ्या दिवशी ती उतरली नाही. मग एका सकाळी आली आणि गोळा काउंटरवर ठेवला. “हा परत घ्या.”

“का? पडतो?”

“पडत नाही.”

मी हसलो. काय करू, हसूच आलं! अख्ख्या धंद्यात असं गाऱ्हाणं घेऊन आलेलं पहिलंच गिऱ्हाईक. मग तिने पिशवीतून फोटो काढून पुढे ठेवला.

फोटो सुरेख होता. दोघं स्टुलांवर, शेजारी शेजारी. तो खरंच मोठ्या माणसासारखा बसला नव्हता, अगदी शाळेतल्यासारखा दिसत होता. फक्त दोघांच्या डोक्यावर रिकामा पडदाच पडदा होता, आणि खाली फोटो छातीशीच संपत होता. वीतभर वर रोखला होता कॅमेरा. गोळा जिथल्या तिथे राहिला, एक केसभर उतरला नाही.

“पण ताई, तुम्हीच तर बघितलं होतं तो पडत नाही म्हणून! भाजी आणून बघितलं!”

“डोक्याला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “हाताला कोण सांगणार? तो समोर बसला होता. हाताने त्याला येतं ते केलं. वर रोखलं, आवळलं, जाऊन बसले. परत बघायची सवयच नाही हो मला.”

“असू दे. चेहरे छान आलेत. थोडं वर कापून टाका.”

“चेहऱ्यांचं नाही.” तिने फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. “टायमर चालू झाला ना, तेव्हा त्याने माझा हात घेतला हातात. इथे, मांडीवर. न सांगता. लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचा, तसा घट्ट.”

बोट फोटोच्या बाहेर, माझ्या काउंटरच्या लाकडावर होतं.

“मग?”

“मग काय? मी हललेसुद्धा नाही. फोटो हलेल म्हणून. उलटून दाबला नाही मी त्याचा हात, बघितलं नाही त्याच्याकडे. खट् झालं आणि त्याने सोडला. म्हणाला, ‘नीट बसलो ना?’ मी म्हटलं, ‘हो.’”

ती रडली नाही. मलाच भरून आलं, आणि मला भरून आलं की मी ओरडतो. “मग सांगा त्याला! फोन करा! म्हणावं परत ये, फोटो चुकला!”

“या खेपेला यायला त्याला किती वर्षं लागली माहीत आहे ना? आणि एवढ्यासाठी विमानाने कोण येतं? जित्याची खोड माझी, शिक्षा त्याला कशाला?” ती म्हणाली. “त्याला पाठवलाय हा फोटो. छान आलाय, म्हणाला. एवढंच.”

गोळा मी परत घेतला नाही. म्हटलं, माल उत्तम आहे, परत घ्यायचं कारण सांगा. तिने तो उचलला आणि वर घेऊन गेली.

नंतर फ्रेमवाला माझ्या दुकानात तणतणत आला. “तुमची ती हलूनका! फोटो वर चिकटवायला लावला आणि खाली वीतभर कोरा पुठ्ठा सोडायला लावला. मी म्हटलं, बाई, मधोमध लावतो. नाही म्हणाली. वर काही सोडू नका, खाली सोडा. लोक मला आंधळा म्हणतील!”

ती फ्रेम आता तिच्या जिन्याच्या तोंडाशी लावलेली आहे. वर भाऊ-बहीण, खाली पांढरी कोरी जागा. गिऱ्हाइकं मला विचारतात, हे असं काय? मी सांगतो, फ्रेमवाला आंधळा आहे. त्याला कळलं तर माझी धडगत नाही.

परवा रोल द्यायला वर गेलो होतो. समोर म्हातारं जोडपं बसलं होतं, दोघं काठीसारखी ताठ. तिने नव्या गोळ्यावरचा कॅमेरा रोखला, सवयीने वीतभर वर गेला, तिचा हात थांबला, कॅमेरा खाली आणला, चावी आवळली. मग वाकून कॅमेऱ्यातून परत पाहिलं. मी दाराशी उभा राहून वाट बघत होतो, कधी ‘हलू नका’ म्हणते याची. म्हणाली नाही. तेवढ्यात त्या आजोबांचा हात सरकत सरकत आजींच्या हातापाशी गेला आणि दचकून मागे आला.

“हललो का हो?” आजोबांनी विचारलं.

“हला,” ती म्हणाली. “धरा त्यांचा हात. आणि आजी, तुम्ही पण धरा. मी थांबते.”