भोपाळची लाइन

ग्वाल्हेरला कसं जावं, काय बघावं, असं तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलंय. मी माझी पहिली खेप सांगते. राज्यांची पुनर्रचना झाली त्या हिवाळ्यातली, मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि माझ्या मावसबहिणीचे, शालूताईचे, यजमानही गेले. ते सचिवालयात कारकून होते. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ते खातं केंद्राचं, त्यामुळे ती ग्वाल्हेरलाच राहिली. "एकटीला करमत नाही, ये," असं तिचं पत्र आलं आणि बाबांनी मला कल्याणला दिल्लीच्या मेलमध्ये, बायकांच्या डब्यात बसवून दिलं.

सकाळी भोपाळला भाऊजी फलाटावर आले. मी येतेय हे ताईनं त्यांना कळवलं होतं. खिडकीतून चहा देत म्हणाले, "तिला सांग, क्वार्टरसाठी रोज खेटे घालतोय. मिळालं की लगेच बोलावतो." चेहरा असा ओढलेला की मला त्यांची दया आली.

ग्वाल्हेर दुपारी आलं. टांग्यानं जयेंद्रगंजला ताईच्या खोलीवर पोचले आणि निरोप सांगितला. "किती परेशान होतात बिचारे," ती म्हणाली. तिथली मराठी ही अशी.

किल्ला सकाळी लवकर चढा, उरवाई दरवाज्याकडून. कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती त्याच वाटेवर लागतात. आधी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, बटाट्याची तिखट भाजी आणि जिलबी खाऊन घ्या, वर काही मिळत नाही. मी तीन दिवस एकटीच हिंडले, कारण ताईला रजा नव्हती.

त्या वेळी तिच्या गल्लीत एकच फोन होता, वकिलांकडे. भोपाळचा ट्रंक कॉल सकाळी नोंदवला तर कधी संध्याकाळी लागायचा, कधी लागायचाच नाही. ताई दिवसभर लोकांना भोपाळ जोडून द्यायची, पण तिला नवऱ्याशी बोलता येत नव्हतं. त्यांच्या कचेरीतला फोन साहेबांच्या टेबलावर, फक्त सरकारी कामाचा.

चौथ्या दिवशी तिची पाळी संपायच्या वेळी मी एक्स्चेंजबाहेर उभी होते. ती आली ती तडक चालायला लागली. पाटणकर बाजारात गजकाच्या, तिळगुळाच्या त्या कुरकुरीत वड्यांच्या, दुकानापाशी थांबली.

"आज त्यांचा आवाज ऐकला," ती म्हणाली. "भोपाळहून इथे मागे राहिलेल्या ऑफिसला सरकारी कॉल होता. लाइन साफ आहे का, ते बघायला आम्हाला ऐकावं लागतं."

"मग बोललीस?"

"मी कशी बोलणार? इकडच्या बाबूनं विचारलं, क्वार्टर मंजूर झालं, फॅमिली कब ला रहे हो? तर म्हणाले, फॅमिली नहीं आएगी, मैंने कह दिया किसी और को दे दीजिए."

"तू काय केलंस?"

"तीन मिनट झाले म्हणून सांगितलं, सगळ्यांना सांगतो तसं. त्यांनी मला ओळखलं नाही."

"त्यांना पत्रात विचार ना."

"काय विचारू? कॉल ऐकला म्हणून? ही गोष्ट बाहेर गेली तर नोकरी जाईल. आता तर नोकरीच आहे माझ्याजवळ." मग तिनं पावशेर गजक घेतलं, माझ्या आईसाठी. "तू पण काही बोलू नकोस. शपथ आहे."

परतताना भोपाळला भाऊजी पुन्हा आले. "शालू कशी आहे?"

"बरी आहे."

"क्वार्टरचं सांगितलंस ना? समजून घेतलं तिनं?"

"हो," मी म्हणाले. ते सुटल्यासारखे हसले आणि गाडी हलेपर्यंत माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, दोघांचं बरं चाललंय ना? तिलाही मी हो म्हणाले. ताई निवृत्त होईपर्यंत ग्वाल्हेरलाच राहिली. भाऊजी सणाला यायचे, पाहुण्यासारखे. ते का नको म्हणाले, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. ती शपथ मी पाळली, ती दोघंही जाईपर्यंत. त्यात ताईचं भलं झालं असं मला आजही म्हणवत नाही. भाऊजींचं मात्र झालं.