अवऱ्याच्या दाण्यातलं लोह

लेखावर माझं नाव येणार, हे कामाला हात लावायच्या आधीच मी ठरवून घेतलं होतं. सर आमच्या बेंगळूरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, मूळचे पुण्याचे. मला ते नुसतंच राबवायला बघत होते. चिक्कपेटेच्या बाजारात कापडाचा भाव पटला नाही की मी दुकानाची पायरी उतरून दाखवतो, तसा त्यांच्या दारापर्यंत चालत गेलो. तेव्हा ते म्हणाले, "बरं, दुसरं नाव तुमचं."

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, शिंप्याचं. शिवणयंत्र चालवत मी एम.एस्सी. झालो होतो. फुकट काही सोडायची मला सवय नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. वनस्पती लोह ज्या प्रथिनात साठवतात, त्यावर तेव्हा कुठं लिहून येऊ लागलं होतं. मोकळं लोह पेशीला घातक असतं. म्हणून झाड ते प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात कोंडून ठेवतं आणि कोंब फुटला की पानं हिरवी करायला थोडं थोडं सोडतं. मी दाणे वाटून रस तापवायचो. इतर प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटायची, हे एकटं तग धरायचं. मग रस यंत्रात गरगर फिरवला की नळीच्या तळाशी तपकिरी थेंब बसायचा. तो थेंब म्हणजे माझं काम.

दाणे अवऱ्याचे, म्हणजे पुण्याकडचे पावटे. मला ते सालाशिवाय हवे होते. हितकवऱ्याच्या, म्हणजे सोललेल्या अवऱ्याच्या, सारासाठी काढतात तसे, भिजलेले दाणे बायको चिमटीत दाबून एकेक बाहेर काढायची. सगळी थंडी तेच चाललं. तिच्या अंगठ्यांची कातडी निघाली.

"आज स्वल्प थांबूया का?" एकदा ती म्हणाली.

"थेंब मोठा होईपर्यंत नाही."

थेंब मोठा झाला आणि सरांचा भाचा पुण्याहून येऊन रुजू झाला. लेख टंकून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती, मामाचं आणि भाच्याचं. शेवटी माझे आभार होते, दाण्यांच्या पुरवठ्याबद्दल.

"सर, दुसरं नाव माझं ठरलं होतं."

"अहो, तुमचं मराठी आम्ही समजून घेतो," सर म्हणाले. "तुमचं इंग्रजी परदेशातल्यांनी का समजून घ्यावं?"

"आभारात आहात की, अण्णा," भाचा हसत म्हणाला. हा शब्द तो इथं येऊन शिकला होता.

मी लेख टेबलावर ठेवला आणि नळ्या धुवायला गेलो.

लेख धाडण्याआधी भाच्यानं तो विभागापुढं वाचला. म्हैसूरकडचे एक म्हातारे प्राध्यापक ऐकायला आले होते. त्यांनी विचारलं, "इथल्या बाजारात अवऱ्याला कीड लागू नये म्हणून लाल माती फासतात. मातीत लोह असतं. तुम्ही मोजलंत ते दाण्यातलं की मातीतलं?"

भाच्याला माती ठाऊकच नव्हती. "धुतली असेल," तो म्हणाला.

"असेल?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. भाचा हळूच म्हणाला, "अण्णा, सांगा की."

साल काढलं तेव्हाच माती गेली. एवढं एक वाक्य पुरलं असतं आणि लेख तरला असता, त्यांच्या नावानं.

"मी फक्त पुरवठा केला," मी म्हणालो.

लेख अडकला. आठवड्यानं सरांनी बोलावून घेतलं. "दाण्यांचं काय केलंत ते लिहून द्या. दुसरं नाव तुमचं."

"आता पहिलं."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मग राहू दे."

ते हटले नाहीत, मीही हटलो नाही. लेख कपाटात पडून राहिला आणि तसलंच काम परदेशातल्या कुणीतरी छापलं. मला नोकरीही सोडावी लागली. तो भाचा काही काळ तोंड लपवून फिरला, तेवढंच माझ्या पदरात पडलं.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे मी एवढे दाणे काढले ते उगाच?"

"तुझं नाव कुठं येणार होतं त्यावर?" मी म्हणालो.