मसरानींचं नख

बालिकपापन बंदरातल्या तेल कारखान्याच्या मागच्या फाटकासमोर माझी टपरी आहे. पिवळा भात, लाल रश्शातला हारुआन मासा आणि काळा गोड चहा, एवढंच मिळतं. सगळे मला आचिल, म्हणजे मावशी म्हणतात. माझ्याहून मोठे बाप्येही मावशीच म्हणतात. मला राग येतो, पण गिऱ्हाइकावर रागावून कसं चालेल?

मसरानी त्यांतलेच एक. शेजारच्या वर्कशॉपमध्ये ते जाड लोखंडी पेट्या दुरुस्त करायचे. कारखान्यात जिथं गॅस साचतो तिथं विजेचे स्विच उघडे ठेवत नाहीत, अशा पेटीत ठेवून झाकण बोल्टांनी आवळतात. माझा मुलगा हिफनी तिकडेच जेट्टीवर वायरमन आहे. जहाजात तेल भरताना तो अशाच एका पेटीजवळ उभा असतो.

एकदा हिफनी टपरीवर मोठ्या ऐटीत म्हणाला, "पेटीत पावसाचं पाणी जायचं. मी झाकणाच्या फटीत गोंद भरून टाकला. आता हवासुद्धा आत जाणार नाही."

मसरानींचा चमचा ताटातच राहिला. "शहाणाच आहेस. अरे, गॅस कधी ना कधी आत शिरतोच. ठिणगी पडली की आतल्या आत भडका उडतो. तो बाहेर पडणार कुठून?"

"मग मोठं भोकच ठेवा की."

"भोकातून जाळ बाहेर येईल. फट बारीक असली की जाळ लोखंडाला घासत येतो आणि येता येता विझतो. बाहेर येते ती नुसती गरम हवा. तू पेटीचं नाक बुजवलंस, बाबा."

त्या दुपारी ते स्वतः जेट्टीवर गेले आणि सगळा गोंद खरवडून आले. हिफनी दोन दिवस त्यांना तोंड चुकवत होता.

फट किती आहे ते मोजायला पातळ पोलादी पट्ट्या असतात. पण पेटीच्या काठावर आडवा ओरखडा पडला असेल तर जाळाला तिथून वाट मिळते. तो शोधायला मसरानींकडे उजव्या अंगठ्याचं नख होतं. नख काठावरून फिरवायचे, कुठं अडलं की पेटी बाजूला. कोणी म्हणालं, "गुळगुळीत आहे हो," तर म्हणायचे, "तू सांगू नकोस, मला बघू दे." आमच्याकडे सगळे हातानं जेवतात, हे मात्र चमच्यानं. नखाखाली तेल-मसाला गेला तर नख आंधळं होतं म्हणे.

मी चिडवायची, "नवरीसुद्धा नखं एवढी जपत नाही."

"नवरीच्या नखावर कोणाचा जीव टांगलेला नसतो, आचिल," ते म्हणायचे. बायको गेल्यापासून घरी बोलायला कोणी नव्हतं. माणसाला मान मिळायचा तो त्या नखामुळंच.

त्या दिवशी सकाळी मी किटलीतला उकळता चहा त्यांच्यापुढं ठेवला. ग्लास मी स्वतः फडक्यात धरून आणला होता. मसरानींनी तो मुठीत धरला आणि गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलत राहिले. बोलतायत, बोलतायत, ग्लास काही खाली ठेवत नाहीत.

"अहो मसरानी, चहा उकळता आहे."

त्यांनी ग्लासाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच खाली ठेवला. बोटं लाल झाली होती.

"हात कधीपासून बधिर आहे?"

"बधिर कसला? कामाचे हात आहेत, निबर झालेत."

"साखर वाढलीय का अंगात?"

"तू चहात घालतेस तेवढीच."

एरवी मी हसले असते. पण मी किटली खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात जेट्टीवर पेटी गेली, ती कोणी तपासली?"

"मी."

"ह्याच हातानं?"

त्यांनी हात मांडीवर ओढून घेतला. आता मी काही त्यांची पेटी नव्हे, माझ्यातला जाळ न विझताच बाहेर येतो. चारचौघांत ओरडले, "माझा पोरगा तिथं उभा असतो! तुमच्या मानापायी त्याला जाळून घेऊ का मी?" टपरीवरचे सगळे जेवायचे थांबले. मसरानी चहा तसाच टाकून उठले. ते गेले तसं मला वाईट वाटलं, आणि भीतीही गेली नाही.

पुढचं मला हिफनीनं संध्याकाळी सांगितलं. मसरानी टपरीवरून थेट मालकाकडं गेले. बोटांचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं आणि जेट्टीची वीज बंद करायला लावून हिफनीकडून पेटी परत आणवली. झाकण उघडलं, काठावरून नख फिरवलं. म्हणाले, "मला तर गुळगुळीत लागतंय. आता तू बघ."

हिफनीचं नख कोपऱ्यात अडलं. झाकणाखाली वाळूचा कण सापडला असावा, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा होता. मसरानींनी त्याच जागी पुन्हा नख फिरवलं. मग पुन्हा एकदा. उजेडात वाकून पाहिलं, ओरखडा डोळ्यांना दिसत होता. त्यांनी नेलकटर मागितलं आणि तिथंच उभ्या उभ्या नख कापून टाकलं.

"मला त्यांच्याकडं बघवेना, आई," हिफनी म्हणाला. माझा मुलगा धडधाकट समोर बसला होता आणि मी त्या म्हाताऱ्यासाठी रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाताचा डबा पाठवला. तो धुऊन परत आला, निरोप काही नाही. वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक, आणि तेही माझ्या जिभेनं.

पण शुक्रवारी ते आले. नेहमीच्या बाकावर बसले. मी ताट आणि चमचा पुढं ठेवला. त्यांनी चमचा बाजूला सारला, हात धुतले आणि लाल रश्शात भात कालवून पाची बोटांनी जेवायला लागले. मी मासा जास्तीचा वाढला.

चहा ठेवला तेव्हा मात्र त्यांनी हात पुढं केला नाही.

"आचिल, गरम आहे का ग?"

"बघा की," मी सवयीनं म्हणाले.

"तू सांग."

मी ग्लास माझ्या हातात घेतला. चटका बसत होता. "थांबा जरा," म्हटलं, आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्यांच्याशेजारी ग्लास धरून बसून राहिले.