ओव्हनमधले आबा

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतेच, कारण आमच्या सासूबाईंनी अर्ध्या शंकर नगरला आधीच सांगून टाकलंय. मी माझ्या सासऱ्यांना ओव्हनमध्ये भाजलं. एकशे तीस डिग्री, वीस मिनिटं. थांबा, कप खाली ठेवू नका. ऐका तरी!

आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आई, म्हणजे सासूबाई, बोलायच्याच थांबल्या होत्या. वरण झालं का, पोट्टी जेवली का, बस्स. नवरा सकाळी शहराबाहेर वसवलेल्या राज्याच्या नव्या राजधानीतल्या ऑफिसात जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. घरात मी, चार वर्षांची ओवी आणि आईंचं ते गप्प बसणं. कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी मला धडकी भरते. मला ते गप्प बसणं काय झेपणार?

म्हणून ठरवलं, वर्षश्राद्धाला आईंना आबांची मूर्ती द्यायची. वीतभर, शोकेसमध्ये ठेवण्यासारखी. व्हिडिओ बघून बघून मी असल्या मूर्ती करते. आधी तारेचा सांगाडा, त्यावर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे बोळे, मग ओव्हनमध्ये भाजून पक्की होते ती माती. शेवटी घासकागद, रंग, वॉर्निश. व्हिडिओतला भैया बजावत होता, "गर्दन में तार डबल रखिए." मी म्हटलं, वीतभर माणसाला कसली डबल मान? जाड दिसेल. एकेरीच ठेवली. शहाणी ना मी!

चेहरा हार घातलेल्या फोटोवरून केला. रिटायरमेंटचा फोटो, ताठ मान, बंद गळ्याचा कोट. कान तर टाचणीनं कोरून कोरून केले. रेल्वेच्या यार्डात जन्म गेला आबांचा, उजव्या कानानं ऐकू येणं तिथंच गेलं. पण मूर्तीत दोन्ही कान मी सारखेच दिले. आपल्याकडून काही कमी नको!

ओवीला दम दिला होता, आजीला सांगायचं नाही. तिनं दोन दिवस तोंड आवळून धरलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "आजी, आबा अलमारी में हैं."

आईंचा घास हातातच राहिला. "काय म्हनते वो हे पोट्टी?"

"काही नाही आई, खेळते ती."

"आबा का हाथ टूट गया था. मम्मा ने चिपका दिया."

आई पांढऱ्याफटक पडल्या. "सोनल, पोट्टीले हे दिसून राहिले!"

इथं एखाद्या धड बाईनं सांगून टाकलं असतं की नाही? मी नाही सांगितलं. सरप्राइज होतं ना माझं!

दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या कठड्यावर वरणभात ठेवलेला. कबुतर आलं, खार आली, कावळा काही येईना. आई हात जोडून उभ्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, मुठीत आबांचा डावा बूट. मातीचा.

"काय राहिलं वो तुमचं?" आई हळूच म्हणत होत्या. "त्या रात्री तीनदा 'काय?' म्हनून विचारलं तुम्ही, अन् मी म्हटलं, बहिऱ्याशी कोन बोलत बसंन. तेच लागलं काय तुमाले? सकाळी उठलेच नाही..."

माझ्या हातातला बूट चेपला. वर्षभर ही बाई याच्यासाठी गप्प होती, आणि मी तिच्या घरात भूत सोडून बसले होते!

म्हटलं, आता श्राद्धाची वाट बघायची नाही, आजच देऊन टाकायची. बूट सारखा करून चिकटवला. दुपारी आई देवळात गेल्या. मी आबांना ट्रेवर उभं केलं आणि ओव्हन लावला. वीस मिनिटं होत आली, तोच आई परत. चष्मा विसरला होता.

"काय जळून राहिलं?"

मी आडवी जाईपर्यंत त्यांनी ओव्हनचं दार उघडलंसुद्धा. आत पिवळ्या दिव्याखाली त्यांचे यजमान उभे.

"वो माय! एकदा जाळून झालं ना यांले!"

ओवी टाचा उंच करून म्हणाली, "आजी, आबा पक गए?"

मी रडत रडत एका दमात सगळं ओकले. फडक्यानं ट्रे बाहेर ओढला आणि बघते तर काय, गरम मातीचं डोकं त्या एकेरी तारेला पेललं नव्हतं. मान डावीकडे कलली होती. तीन आठवड्यांची मेहनत! "आई, बिघडले हो आबा! मी पुन्हा करते..."

आईंनी चष्मा लावला. खाली बसल्या. ट्रेच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"पुन्हा काहून करतं? असेच तं ऐकत ते. चांगला कान पुढे करून."

सहा वर्षं त्यांना चहा दिला मी. एकदाही दिसलं नव्हतं मला.

पुढं थंड झाल्यावर रंग दिला, वॉर्निश लावलं. मानेला हात लावू दिला नाही आईंनी. आता आबा फ्रिजवर असतात आणि आई दुपारभर त्यांच्याशी बोलतात. परवा कानावर आलं, "तुमच्या सुनेच्या भाजीत मीठ नसते. अन् तुमाले तं भट्टीतच टाकलं तिनं."

आबा आपले मान कलती करून ऐकून राहिले. ऐकतीलच. तो कान मीच कोरलाय, चांगला खोल.