स्वल्पविरामासकट जर्मन

नियाजभाई तांबोळी एकोणीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मोठ्याने वाचत होते. हीच त्यांची नोकरी. समोर यज्ञेश्वर सोवनी हातात पेन्सिल घेऊन प्रुफावर मान खाली घालून बसायचे, आणि नियाजभाई मूळ प्रत वाचायचे, तीसुद्धा विरामचिन्हांसकट. "आमचे येथे स्वल्पविराम श्रीकृपेकरून स्वल्पविराम", असं. लग्नपत्रिका असो की तेराव्याचं कार्ड, आवाज एकच. ळ आणि ण असे खणखणीत, की पेठेतल्या भल्याभल्यांनी शिकून घ्यावेत. पण शिकणार कोण? पेठेत सगळे शिकूनच जन्माला येतात.

सोवनींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तांबोळी, आपण रंगवून वाचलंत की मी ऐकत बसतो. ऐकत बसलो की चुका निसटतात. तेव्हा रंगवायचं नाही." नियाजभाईंनी हे इतकं मनावर घेतलं, की एका नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायिका प्राण सोडत होती, तेव्हा तिचा शेवटचा "आई गं" त्यांनी "आई गं उद्गारचिन्ह" असा किराण्याच्या यादीसारखा वाचून टाकला. सोवनी म्हणाले, "ठीक." एकोणीस वर्षांत तेवढीच काय ती शाबासकी.

एकोणीसशे एकोणसत्तर साली छापखान्याकडे कारखान्यांची कामं येऊ लागली. यंत्रं जर्मनीची, आणि त्यांच्या माहितीपुस्तिका अर्ध्या मराठीत, अर्ध्या जर्मनमध्ये. त्यातच सोवनी दिवाळीला निवृत्त होणार होते. मालकांनी नियाजभाईंना बोलावलं. "तांबोळी, जर्मनची पहिली परीक्षा पास व्हा, सोवनींची खुर्ची तुमची. नाहीतर एक बी.ए. झालेला मुलगा मी बघून ठेवलाय."

नियाजभाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे, मॅट्रिक. तो बी.ए. खुर्चीत बसला असता, तर पोराच्या वयाच्या माणसासमोर आणखी पंधरा वर्षं वाचत बसावं लागलं असतं. ती खुर्ची त्यांना हवी होती. कधी कुणाला बोलले नव्हते, पण फार हवी होती.

संध्याकाळच्या वर्गात ते पहिल्या बाकावर बसायचे. व्याकरणात पहिले. चुका पकडण्याच्या कामात उभी हयात गेलेल्या माणसाला व्याकरण काय घाबरवणार? गाडी अडली ती वाचनात. परीक्षेत एक उतारा मोठ्याने वाचायचा होता. परक्या माणसाला स्टेशनचा रस्ता सांगायचा, सरळ जा, डावीकडे वळा, पूल ओलांडा. शब्द शुद्ध हवेत आणि आवाजात योग्य तो चढउतारही हवा.

नियाजभाईंनी वाचलं. वर्गात शिकवणाऱ्या नीरजाबाईंनी पुस्तक मिटलं. "तांबोळी, एक अक्षर चुकलं नाही. पण आपलं ऐकून तो माणूस स्टेशनला जाणार नाही. तिथेच फुटपाथवर बसेल."

मग गंज पेठेतल्या दोन खोल्यांत सराव सुरू झाला. त्यांची बायको कमरजहां हातात पिशवी घेऊन दारात उभी राहायची, वाट चुकलेली बाई म्हणून. नियाजभाई पाटावर बसून रस्ता सांगायचे.

"अहो, मी रस्ता विचारलाय," ती म्हणाली. "तुम्ही रेशनकार्ड वाचताय."

"शब्द बरोबर आहेत."

"असतील. पण ज्याला खरंच जायचंय, तो एव्हाना दुसऱ्याला विचारून पोचलासुद्धा."

नियाजभाईंना राग आला. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि रागाने का होईना, आवाज जरा हलला. कमरजहांने ते बरोबर हेरलं. त्यानंतर ती रोज त्यांना आधी डिवचायची आणि मग रस्ता विचारायची. पंधरवड्याने आवाजाला वळण लागलं. "लिंक्स" ऐकून ती डावीकडे मोरीशी वळली, "रेख्ट्स" ऐकून उजवीकडे चुलीशी आली. "पोचले बाई एकदाची," म्हणाली आणि तिने पिशवी खाली ठेवली.

परीक्षेला नियाजभाई इस्त्रीचा सदरा घालून गेले. परीक्षक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. सुरुवात झकास झाली. "गेएन झी", म्हणजे "जा", म्हणताना आवाज असा काही चढला, की मागे बसलेल्या नीरजाबाईंनी मान डोलावली. तेवढ्यात परीक्षकांनी आपली प्रत पुढे ओढली, पेन्सिल उचलली आणि मान खाली घातली.

झालं. समोर खाली घातलेली मान आणि पेन्सिल. एकोणीस वर्षं ते दुसरं काही बघत आले नव्हते.

"गेराडआउस कोमा," नियाजभाई म्हणाले, म्हणजे सरळ जा, स्वल्पविरामासकट. पुढे "लिंक्स पुंक्ट," पूर्णविरामासकट. आवाज पुन्हा एकसुरी, सपाट. तिसऱ्या कोमाला त्यांच्या लक्षात आलं. पण पान अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. शेवटच्या पुंक्टापर्यंत त्यांनी ते वाचलं.

परीक्षकांनी विचारलं, "आपण नोकरी कुठे करता?"

"छापखान्यात."

"हं," परीक्षक म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अनुत्तीर्ण. दोन दिवस ते पत्र नियाजभाईंच्या खिशात होतं. मालकांसमोर जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तिसऱ्या दिवशी कमरजहां म्हणाली, "खिशात ठेवून ते पास व्हायचं नाही." तेव्हा त्यांनी जाऊन ते मालकांच्या टेबलावर ठेवलं.

मालकांनी खालचा शेरा वाचला. "उमेदवार सर्व विरामचिन्हे मोठ्याने वाचतो. एकही चिन्ह चुकलेले नाही. चढउतार शून्य." त्यांनी सोवनींना हाक मारली. "सोवनी, हे काय प्रकरण आहे?"

सोवनींनी पत्र नाकाला लावून वाचलं. मग म्हणाले, "परीक्षेला बसायला पाठवलंत, तर हा माणूस तिथे जाऊन आपलंच काम करून आला."

"पण नापास आहे."

"सुरात नापास आहे. आपण काय जर्मन कीर्तन छापतो?"

मालकांनी शेऱ्यावरून पुन्हा बोट फिरवलं. "एकही चिन्ह चुकलेलं नाही, असं लिहिलंय खरं," ते शेवटी म्हणाले. "त्या बी.ए.ला येऊ नको म्हणून कळवा."

सोवनी नियाजभाईंना घेऊन बाहेर आले, स्वतःच्या खुर्चीशी थांबले आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. गेलं वर्षभर मला प्रूफ धड दिसत नाही. तुमच्या आवाजावर चालवलंय. बसा."

नियाजभाई बसले. समोर ओलं प्रूफ होतं, आणि त्यातलं एकही अक्षर त्यांना दिसेना, डोळे इतके भरून आले होते.

"आधी ते पुसा," सोवनी म्हणाले. "शाई पसरेल."